ऋतुसंधी

मुलगी न्हाती झाली की जुन्या घरांतून केवढा गाजावाजा होई! मखर काय, गोडधोड काय, नातलग बायकांच्या ओट्या काय! ज्या गोष्टीचा एरवी उच्चारसुद्धा करायचा नाही, ती त्या दिवशी साऱ्या आळीला ठाऊक होई. पण हीच पाळी तीस-पस्तीस वर्षे घरात नेमाने ये-जा करून एक दिवस कायमची निघून जाते, तेव्हा तिला दारापर्यंत पोहोचवायलाही कोणी उठत नाही. फार तर भाद्रपदात ऋषिपंचमीच्या व्रताचे उद्यापन होते, ब्राह्मण जेवतात, दानदक्षिणा होते आणि शेजारच्या जाणत्या बायका न बोलता काय ते समजून घेतात.

भाषेचेही तसेच आहे. मी पडले मराठीची प्राध्यापिका. कोणत्याही दुखण्याकडे आधी शब्दांच्या अंगाने पाहण्याची आमची खोड. पाळी येण्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. बाहेर बसणे, दूर होणे, कावळा शिवणे, अडचण येणे, शिवायचे नसणे... प्रत्येक पिढीने आपापली सोय करून घेतली आहे. ती जाण्याला मात्र ‘पाळी गेली’, ‘विटाळ सुटला’ एवढे दोनच साधे बोल. आणि पुस्तकात ‘रजोनिवृत्ती’ हा एक भारदस्त शब्द. ‘निवृत्ती’ म्हटले की डोळ्यांपुढे येते पेन्शन: ठरलेली तारीख, हातात हुकूम, गळ्यात हार. शरीराची निवृत्ती अशी ठरल्या तारखेला होत नाही. ती कित्येक वर्षे चाललेली असते आणि झाली हे कळते ते झाल्यावर एक वर्षाने. सलग बारा महिने पाळी आली नाही, की मागे वळून म्हणायचे, ‘ती शेवटची होती.’

पण त्या आधीच्या वर्षांचे काय? पाळी अजून येते आहे, परंतु पूर्वीसारखी येत नाही; बाई अजून तीच आहे, परंतु घरच्यांना आणि तिला स्वतःलाही ती तीच वाटत नाही. या काळाला डॉक्टर मंडळी ‘पेरिमेनोपॉज’ म्हणतात. मराठीत त्याला घरगुती नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याची तक्रार तरी कोणाकडे करणार? आयुर्वेदात एक सुंदर शब्द आहे: ऋतुसंधी. एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात, असा तो पंधरवडा. या दिवसांत जुना आहारविहार हळूहळू सोडावा, नवा हळूहळू धरावा, एकदम बदल केला तर दुखणी मागे लागतात, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. आपल्याकडे ‘ऋतू’ म्हणजे पावसाळा-हिवाळाही आणि बाईची पाळीही. तेव्हा हा शब्द मी या पानापुरता उसना घेते. फरक एवढाच, की ही ऋतुसंधी पंधरा दिवसांची नसते. साधारण चार वर्षे चालते. कोणाची दोन वर्षांत आटोपते, कोणाची आठ-दहा वर्षे रेंगाळते.

आता वयाचा हिशेब मांडा. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी थांबते. आपल्याकडे ती शेहेचाळीस-सत्तेचाळिसाच्या आसपास थांबते. म्हणजे चार-पाच वर्षे आधी. सुश्रुताने पन्नास हा आकडा दिला आहे आणि आपल्या आयाबायाही ‘पन्नाशीचं दुखणं’ म्हणतात. पण ऋतुसंधी सुरू होते ती बेचाळीस-त्रेचाळिसाला. त्या वयात बाईला वाटते, आपण अजून तरुण. घरच्यांना वाटते, हिला काय धाड भरली आहे! मुलगा दहावीला, सासूबाईंचे गुडघे, यजमानांची बदली, नोकरीतली बढती, असे सगळे एकदम अंगावर आलेले असते, म्हणून जे काही होते ते ‘दगदगीचे’ ठरते.

हे मी लिहिते आहे ते महाडजवळच्या बिरवाडीत बसून. काळ नदीच्या काठचे हे गाव; एका अंगाला सह्याद्रीच्या रांगा आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीची धुराडी. कित्येक घरांतले कर्ते पुरुष मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला येतात. मुंबई-पुण्याच्या वाचकांना वाटेल, तिथल्या बायकांचे आम्हाला काय? पण दोन्हीकडची अडचण एकच आहे, फक्त तिचा पोशाख निराळा. आमच्याकडची बाई म्हणते, ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ आणि गप्प बसते. शहरातली बाई म्हणते, ‘ॲसिडिटी असेल’ आणि गोळी घेते.

दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावून विटाळाच्या कल्पनेलाच आव्हान दिले गेले, त्याच तालुक्यात महिन्याचे चार दिवस हंड्याला हात न लावणाऱ्या बायका आजही आहेत. त्यांना पाळी जाणे म्हणजे सुटका वाटते, आणि का वाटू नये? देवळात जाता येते, लोणच्याच्या बरणीला हात लावता येतो. या सुटकेच्या आनंदात जाण्याआधीच्या वर्षांचा त्रास त्या पोटात घालतात. ‘एकदा गेली की झालं’ असे म्हणत अंगावरचे रक्त आटवतात.

बिरवाडीची आठवण या विषयात आणखी एका कारणाने येते. १९७६ साली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावला की भाताच्या शेतातली धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. शंभरांतली चाळीस जात. लोक मंत्र घालीत, दैवाला बोल लावीत. डॉक्टरांनी काय केले? रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि दिसेल ते टिपून ठेवीत गेले: घाम किती, नाडी कशी, हातपाय केव्हा गार पडतात, श्वास केव्हा लागतो. त्या टिपणांतून उमगले की माणूस जातो तो हृदय थकून, फुप्फुसांत पाणी भरून. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध तिथे लागू पडले आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकापर्यंत उतरले. त्यांची टिपणे ‘लॅन्सेट’ने छापली, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचा आणि पाळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध इतकाच, की ‘असायचंच’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट नुसती टिपून ठेवली तरी निम्मे कोडे सुटते, हे या गावात घडलेले आहे.

तर टिपायचे काय?

पहिली खूण तारखांची. अठ्ठावीस दिवसांनी येणारी पाळी चोवीस-पंचवीस दिवसांनी येऊ लागते. मग एखादा महिना पस्तीस. दोन पाळ्यांमधल्या अंतरात सात दिवसांहून जास्त फरक वारंवार पडू लागला की ऋतुसंधी सुरू झाली असे धरायला हरकत नाही. पुढे साठ-साठ दिवस पाळी येतच नाही, आणि विसरलो विसरलो म्हणावे तोच येते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा-वीस लाख बीजे असतात. ती न्हाती होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप जिरून जातात. चाळिशीनंतर हा साठा संपत आला की कित्येक महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. बीज पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हा रस तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन मात्र कधी भरमसाट, कधी अगदीच तुटपुंजे. लोकांची समजूत असते की ते दिव्यातल्या तेलासारखे हळूहळू संपते. तसे नाही. ते विझण्यापूर्वीच्या ज्योतीसारखे फडफडते. या फडफडीचाच सारा त्रास. म्हणून ‘रक्त तपासून हार्मोन बघा’ असा हट्ट या वयात फारसा कामाचा नाही. आज एक आकडा येईल, पंधरा दिवसांनी दुसरा. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईचे निदान तिच्या हकिगतीवरूनच होते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्यावे, कारण थकवा, चिडचिड, अनियमित पाळी ही सोंगे थायरॉइडही हुबेहूब वठवतो.

दुसरी खूण उकाड्याची. छातीतून एक गरम लोट उठतो, मानेवरून चेहऱ्यावर चढतो, कानशिले तापतात, कपाळ घामाने डवरते, काळीज धडधडते आणि दोन-चार मिनिटांत सारे ओसरून उलट हुडहुडी भरते. आश्विनातल्या दमट उन्हाळ्यात कढईपुढे बसून चकल्या तळणाऱ्या बाईला घाम आला तर त्यात नवल ते काय, असे म्हणून आमच्या कोकणात हे लक्षण सहज झाकले जाते. पण पौषातल्या रात्री सारे घर गोधडीत गुरफटलेले असताना जी एकटीच गोधडी भिरकावून पंखा लावते, तिचा उकाडा हवेतला नव्हे. आपल्या मेंदूत अंगाचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते. इस्ट्रोजेन डळमळले की ते फाजील हळवे होते आणि रेसभर उष्णता वाढली तरी मणभर बोंब ठोकते. हा त्रास काहींना मुळीच होत नाही, काहींना सात-सात वर्षे पुरतो. सैल सुती कपडे, उशाशी पाण्याचा तांब्या, रात्रीचे तिखट आणि चहा कमी करणे, यांनी थोडाफार उतार पडतो. धडधड मात्र दरवेळी ‘वयाची’ म्हणून सोडू नये. चढ चढताना छातीत कळ येत असेल, दम लागत असेल, तर हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

तिसरी खूण झोपेची आणि मनाची. रात्री तीनला टक्क डोळे उघडतात. सकाळी दूध उतू गेल्यावर रडू फुटते. वर्गात शिकवताना अगदी ओठावरचा शब्द पळून जातो. आमच्या स्टाफरूममध्ये या शब्द पळण्याची इतकी भीती की एका विदुषीने डोक्याचा फोटो काढून घेण्याचे ठरवले होते. ही विसरभोळेपणाची लाट बहुतेकींची पुढे ओसरते. पण सलग दोन आठवडे कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे झाले तर त्याला ‘वय’ म्हणू नये. ते औषधाने बरे होणारे दुखणे आहे आणि ज्यांना पूर्वी बाळंतपणानंतर असे झाले होते त्यांनी जास्त जपावे.

आता चौथी खूण, आणि मला खरे सांगायचे आहे ते इथे: रक्तस्राव. प्रोजेस्टेरॉनअभावी गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि सुटते तेव्हा धो-धो सुटते. बायका याला ‘अंगावरून जाणं’ म्हणतात आणि जुन्या साड्यांच्या घड्या वाढवीत जातात. तासातासाला पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांहून जास्त चालत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग दिसत असेल, तर तो ऋतुसंधीचा सामान्य भाग नव्हे. हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की बाई रक्तक्षयात मोडते; आणि आपल्याकडच्या बायका आठावर-नवावर विहिरीचे पाणी शेंदीत असतात, वर ‘जरा थकवा आहे’ म्हणतात.

आणि अशा थकलेल्या बाईला मग कोणी तरी सुचवते, ‘पिशवी काढून टाका, एकदाची कटकट मिटेल.’

या एका वाक्याने महाराष्ट्रात काय केले ते आठवा. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले की एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये काढली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका त्यांत मोठ्या संख्येने. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादमाचा दंड, फडावर न्हाणीघर नाही, दुखणे अंगावर काढलेले. मग पोटात दुखते म्हणून दवाखान्यात जावे तो कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींनी तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले.

शहरातल्या सुशिक्षित वाचकांनी ही फक्त उसाच्या फडाची गोष्ट समजू नये. विम्याचे कार्ड हातात असले की आपल्याही घरांत ‘आता काय उपयोग त्या पिशवीचा?’ हा प्रश्न चहा पिता पिता निकालात निघतो. उपयोग कसा नाही! गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर ऋतुसंधी उरतच नाही. चार वर्षांचा उतार एका रात्रीत कडेलोट होतो आणि उकाडा, निद्रानाश, हाडांची झीज सारे एकदम कोसळते. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येते. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींनी हैराण केले असेल, सारे उपाय थकले असतील, तर शस्त्रक्रिया अवश्य करावी. तिने कित्येकींचे प्राण वाचवले आहेत. पण ती पहिली पायरी नव्हे.

आधीच्या पायऱ्या कोणत्या, ते माहीत असलेले बरे. सोनोग्राफी, पंचेचाळिशीनंतर गरज पडल्यास अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासणे. स्राव आटोक्यात ठेवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या फक्त त्या दिवसांपुरत्या घ्यायच्या असतात. काही दिवसांच्या हार्मोनच्या गोळ्या असतात. गर्भाशयात बसवायचे एक हार्मोनचे साधन असते. ते पाच वर्षे आणि त्याहूनही जास्त काम देते आणि स्राव अगदी थोडा करून टाकते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘सहेली’ गोळी पुष्कळांना पाळणा लांबवणारी म्हणून माहीत आहे. तेच औषध अतिस्रावावरही डॉक्टर देतात. जोडीला लोहाच्या गोळ्या. त्या चहाबरोबर नव्हे, लिंबू-सरबताबरोबर घ्याव्या. यांतले काय कोणाला चालेल हे डॉक्टरीणबाईंनी ठरवायचे. आपण एवढेच विचारायचे, ‘पिशवी काढण्याआधी दुसरं काय करून पाहता येईल?’ हा प्रश्न विचारणाऱ्या बाईवर रागावणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठावा.

हार्मोनच्या औषधांविषयी सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाची मोठी पाहणी चालू होती. तिचा एक भाग जुलै २००२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दिसल्याने थांबवला गेला, आणि जगभरच्या बायकांनी घाबरून औषधे सोडली. पुढे बारकाईने पाहता दिसले, की त्या पाहणीतल्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. म्हणजे पाळी जाऊन दशक उलटलेल्या. आज जाणकारांचे मत असे, की साठीच्या आत आणि पाळी थांबून दहा वर्षे व्हायच्या आत, त्रास जास्त असेल तर, नीट तपासणी करून ही औषधे घेण्यात फायदा धोक्याहून मोठा असतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झाला आहे, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, यकृताचा विकार आहे किंवा स्रावाचे कारण अजून सापडलेले नाही, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. मोबाइलवर विकली जाणारी ‘हार्मोन संतुलना’ची चूर्णे मात्र कोणीच घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डबीवर कमळाचे चित्र असले म्हणजे आत काय आहे ते कळत नाही.

एका नाजूक गोष्टीविषयीही लिहायलाच हवे. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढून मराठीत ज्या मोकळेपणाने लिहिले, त्यानंतर आपण अजून लाजावे हे बरे नव्हे. ऋतुसंधीत पाळी दोन महिने चुकली म्हणजे दिवस राहायची भीती संपली, असे समजणाऱ्या कित्येक घरांत पंचेचाळिसाव्या वर्षी पाळणा हलला आहे. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घेणे चालू ठेवावे. अंगात कोरडेपणा येतो, संबंधात दुखते, आणि बाई ते न सांगता दूर होऊ लागते. यजमान त्याचा भलताच अर्थ लावतात. त्यावर साधी मलमे आहेत. नुसते दुखते हे सांगितले, तरी निम्मा दुरावा मिटतो.

यजमानांनी हे पान उलटून थेट राशिभविष्याकडे जाऊ नये. ‘हल्ली तुला झालंय तरी काय?’ हा प्रश्न औषध नव्हे. रात्री तिने पंखा लावला तर निमूटपणे दुसरी गोधडी घ्यावी. दवाखान्यात सोबत जावे, आणि डॉक्टर बोलत असताना बाहेर फोनवर बोलत बसू नये. घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिच्याशी आईनेच बोलावे. एकीची पाळी बसते आहे, दुसरीची उठते आहे, आणि दोघींची चिडचिड एकाच स्वयंपाकघरात. मुलींना सांगितले की त्या विलक्षण समजुतीने वागतात.

खाण्यापिण्याविषयी लांबण लावीत नाही, कारण कोकणातल्या बाईला ते ठाऊक आहे, फक्त आठवण द्यायची. या वर्षांत हाडे झपाट्याने झिजू लागतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पोलादपूर-महाडच्या वरकस जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पिकलेली नाचणी शहरात पाकिटातून महाग विकली जाते आणि आमच्याकडे सुना गव्हाच्या पोळीला मोठेपणा देतात! नाचणीची भाकरी, सुकट, तीळ, ताक, आणि रोज अर्धा तास झपझप चालणे. अंगावर थोडे ऊन. मशेरी सोडावी. धूम्रपानाने पाळी वर्ष-दोन वर्षे आधी जाते असे दिसून आले आहे, आणि मशेरी म्हणजेही तंबाखूच.

आता टिपणाची युक्ती. वही घाला, तक्ता आखा, असे सांगितले तर चार दिवसांत सारे बारगळेल. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून आपल्या भिंतींवर आहे. दूधवाल्याचा खाडा, गॅसचा नंबर, मुलांच्या परीक्षा सारे त्याच्यावर चढते. पाळी आली त्या तारखेला एक टिंब द्या, संपली तिथे दुसरे. स्राव जास्त झाला तर टिंबाला गोल करा. रात्री झोप मोडली तर बारीकशी चंद्रकोर. सासऱ्यांना वाटेल संकष्टीची खूण असेल. सहा महिन्यांनी ती पाने फाडून डॉक्टरांपुढे ठेवली की ‘केव्हापासून?’, ‘किती दिवस?’ या प्रश्नांना उत्तर शोधत बसावे लागत नाही, आणि पाच मिनिटांच्या भेटीत पंधरा मिनिटांचे काम होते.

आमच्या शेजारच्या काकूंनी हे मनावर घेतले होते. त्यांची पाळी थांबली त्रेपन्नाव्या वर्षी. बारा कोरे महिने मोजून त्यांनी ऋषिपंचमीचे उद्यापनही थाटात केले. नंतर दोन वर्षांनी एका सकाळी पुन्हा डाग दिसला. पाळी पूर्ण थांबल्यावर एक थेंबही दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचे, त्यात सबब नाही. बहुतेकींचे कारण साधे निघते, पण गर्भाशयाचा कॅन्सर लवकर हाती लागायचा तर तो याच थेंबाने लागतो. काकूंना ‘गेलेला विटाळ परत आला’ याचीच लाज जास्त. तरी त्या कॅलेंडर घेऊन गेल्या. सोनोग्राफी झाली, अस्तरावरची लहानशी गाठ काढली, तुकडा तपासायला गेला, आणि आठवड्याने अहवाल आला: साधी गाठ, कॅन्सर नाही. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्या गुरुजींकडे विचारायला गेल्या, की आता उद्यापन पुन्हा करावे लागेल का. गुरुजी काय म्हणाले, ते त्यांनी अजून मला सांगितलेले नाही.